तुटक चौकटी

१२ जून २००८, नांदेड
आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, इकडं आणल्यापासून रोज सकाळी एकच. चहाची बशी हातात धरून विचारते, "शोभी कुठं गेली?" शोभा तिची मुलगी. त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. आक्काचा नवरा, सासू, अख्खी गल्लीच गेली. डॉ. म्हणाले, विसरणं वाढत जाणार. जुन्या गोष्टींत बोलती ठेवा.
कादरी सरांनी (पॉलिटेक्निकचे, माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत) कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. चित्र काढायचं नाही, नुसतं लिहायचं. आक्का, बाण, शोभा, असं टाइप केलं की दोन चौकटी आणि मध्ये रेघ. फुकट, आणि आतलं सगळं कुणीही उघडून बघावं, बदलावं. विद्या अशी असावी, यावर मी त्यांनाच बराच वेळ ऐकवलं.
"सर, आधी फाइल सेव्ह करा," म्हणाले.

१४ जून
आक्का सांगते, मी टाइप करतो. कुणाची भिंत कुणाला लागून, कोण कुणाकडून विस्तव नेई. प्रिंट दाखवली.
"आमचं घर वेशीपाशी. हे कुठं नेऊन ठेवलास?"
"जागा कॉम्प्युटर ठरवतो, आक्का. मी फक्त कोण कुणाला जोडलंय तेवढं सांगतो."
"म्हंजे सरकारवाणी. त्यांनीबी नव्या गावात कुणालाबी कुठंबी टाकलं."
बायको, सुनंदा, हसली. मला हसू येईना.

१७ जून
गेलेल्यांच्या चौकटी तुटक रेघेच्या केल्या होत्या. माझ्यापुरती खूण. आक्काचं बोट नेमकं तिथंच.
"ही घरं अशी फाटकी का रं?"
शाई संपत आलीय म्हणालो.
सुनंदा आतून: "गावोगाव सांगत फिरलात, खरं तोंडावर बोला. बोला की आता."
मार्चमध्ये बोललो होतो. तेव्हा, आत्ताच कळल्यासारखी रडली, जेवली नाही. दुसऱ्या सकाळी चहाची बशी, आणि शोभी कुठं गेली. किती वेळा मारायची तिची पोर?

१९ जून
समोर नवे क्लासेस निघालेत. मुली सुटल्या की रस्ता भरतो. आक्का ओट्यावर बसून एकेकीचं तोंड बघते. संध्याकाळी मी शिक्षणाच्या बाजारावर तावातावानं बोलून आलो. टाळ्या. पायरीवर आक्कानं धरलं.
"शोभीला लातूरला क्लासला घातलास का? मला न सांगता?"
सातवीत होती शोभा. आज तिशीला टेकली असती. मी 'बघतो' म्हणालो. काय बघतो?

२१ जून
फाइलीत जवळजवळ सगळेच तुटक. म्हणून फाइलीच्या वर एकाच ओळीत 'सगळ्या चौकटी तुटक' असं लिहून ठेवलं होतं. आज ती ओळ पुसली. फक्त एक ओळ. गल्ली सलग उभी राहिली. जन्मभर शब्दांवर जगलो, पण इतकी भीती कुठल्या शब्दाची वाटली नव्हती.
आक्का बोट ठेवत एकेक नाव वाचत गेली. दुपारी पोटभर जेवली. सुनंदा माझ्याशी बोलली नाही.

२३ जून
आज चहा तसाच ठेवला.
"सगळे हायत म्हणतोस. मग येऊन का न्हाई राहिले कुणी?"
मी प्रिंट उलटीसुलटी केली. भरल्या मैदानात कधी अडलो नाही.
तिनंच उत्तर काढलं. "तू इथवर रेघच न्हाई काढलास. वाट कशी घावंल? ह्या घरापर्यंत आण, बापू. निदान शोभीला तरी."
हे घर अजून फाइलीत नाही. शोभा लिहिलं. बाण टाकला. पुढं 'हे घर' लिहायला हात जाईना. पुसावं, तर ती मागं खुर्ची धरून उभी. म्हणून हे वहीत लिहीत बसलोय. तिला वाटतं, तेच काम चाललंय.
"झालं का रं?"