मुठीचा अर्थ लावून मिळणेबाबत

मु. अंथुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे
ता. ५ डिसेंबर सन १९३८

प्रति,
मेहेरबान धर्मादाय नोंदणी अंमलदार साहेब,
यांचे कचेरीस.

विषय : शाळेच्या पडवीतील धान्याच्या कणगीवरचा सरकारी शिक्का काढून मिळणेबाबत, तसेच लहान धर्मादायांना नोंदणीचे व कराचे नियम समजावून सांगण्यास मला झालेली मनाई उठवणेबाबत.

संदर्भ : 'मूठ' या शब्दावर आपल्या कचेरीने मारलेला शेरा, त्यानंतरची मापाबद्दलची व कराबद्दलची पत्रे, आणि माझ्या नावे आलेली नोटीस.

महोदय,

१. मी लोकल बोर्डाच्या मराठी शाळेचा पेन्शनर मास्तर आहे. एकच गोष्ट न चिडता पुन्हा पुन्हा सांगणे हा माझा जन्माचा धंदा. त्यामुळे पूर्वीच्या अर्जांत लिहिलेले या अर्जात परत लिहिताना मला कंटाळा आलेला नाही. आपणास वाचताना येऊ नये, एवढीच विनंती.

२. ज्या गोष्टीवरून हे सारे झाले ती आधी सांगतो. या गावात बाई पहाटे जात्यावर बसली की दळणातली पहिली मूठ जोंधळे शेजारच्या गाडग्यात टाकते. ती मूठ शाळेतल्या मुलांची. शनिवारी ठमाबाई नावाच्या विधवा बाई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरतात, गाडगी रिकामी करतात आणि जोंधळे शाळेच्या पडवीतल्या कणगीत ओततात. त्याचेच पीठ करून दुपारच्या सुट्टीत त्या भाकऱ्या थापतात. निरवांगीकडच्या वस्त्यांवरून जी मुले चालत येतात व ज्यांच्या फडक्यात घरून काही बांधलेले नसते, त्यांनी त्या खायच्या. ही चाल ठमाबाईंच्या सासूबाई कै. प्रयागबाई यांनी पाडली. तिला घटना नाही, अध्यक्ष नाही, दारावर पाटी नाही. गाव तिला 'मूठ' म्हणते. दुसरे नाव कोणी ठेवले नाही, कारण लागले नाही.

३. धर्मादायांच्या नोंदणीचा नवा नियम आला तेव्हा मी त्याच्या बाजूचा होतो, हे मुद्दाम नमूद करतो. देवाच्या नावाने वर्गणी गोळा करून स्वतःच्या घराला कौले घालणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून इंदापूरच्या बाजाराच्या दिवशी तालुका कचेरीच्या ओट्यावर बसून मी पाणपोईवाले, धर्मशाळेवाले, भजनी मंडळाची भांडी सांभाळणारे अशा लोकांना नियम समजावून सांगू लागलो. मुलांना सांगतो तसेच सांगितले. नोंदणी म्हणजे हजेरीपटावर नाव लावणे. नाव लागले म्हणून कोणी लहान होत नाही. हिशेबतपासणी म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांची वार्षिक परीक्षा. अभ्यास केलेल्याने घाबरू नये. करमाफी म्हणजे गरीब मुलाला फी माफ होते ती नादारी. गरिबी खरी असली तरी नादारी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. लोकांना हे पटत होते. सरकारी कागद पाहून उठून जाणारी माणसे बसून ऐकू लागली होती. ठमाबाईही त्यांतच होत्या, आणि मुठीची नोंदणी करायला सर्वांत आधी त्याच तयार झाल्या.

४. छापील फॉर्मात 'संस्थेचे नाव' या रकान्यात 'मूठ' असे भरले. 'संस्थेचे कार्य' यापुढे, ठमाबाईंनी सांगितले तसे, 'गावातील प्रत्येक घरून मूठ घेणे व ती मुलांच्या पोटात घालणे' असे लिहिले. यावर आपल्या कचेरीचा जो शेरा आला तो असा : 'मूठ मारणे हा जादूटोण्याचा प्रकार असून त्यात अज्ञान मुलांना गुंतवले जात असल्याचे अर्जदार स्वतःच कबूल करतात. पोलीस चौकशी व्हावी.' ज्या कारकुनाने हा शेरा लिहिला त्यांच्याही घरी जाते असेल. त्यांना करणीची मूठ आधी आठवली आणि धान्याची आठवलीच नाही, याचे मला नवल वाटते. परंतु शब्दाला दोन अर्थ असतात, आणि मुलेसुद्धा कधी कधी भलताच अर्थ धरतात. अशा वेळी आम्ही पुढचे-मागचे वाक्य वाचायला सांगतो.

५. चौकशीस जमादार आले. त्यांनी कणगीत हात घालून पाहिला, चुलीमागे पाहिले, लिंबू, बाहुली वा टाचण्या कोठेही सापडल्या नाहीत. दुपार झाली होती म्हणून ते मुलांच्या पंगतीला बसले व पोटभर जेवले. आपल्या कचेरीने सर्व जबाब जसेच्या तसे मागितले असल्यामुळे ठमाबाईंचे त्या वेळचे बोलणे येथे उतरवतो : 'जमादार, मूठ बसली का न्हाय पोटात? आता खुशाल लिवा, बाईनं मूठ मारली म्हनून.' जमादार हसले. पण त्यांच्या अहवालात 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' एवढेच आले, भाकरीचा उल्लेख नाही. तो असता तर पुढची पत्रे आली नसती, असे मला वाटते.

६. जादूटोण्याचा संशय फिटल्यावर कचेरीने मुठीचे माप विचारले. कायद्याने मानलेल्या मापांत मूठ नाही, सबब एका मुठीचे शेरात वजन किती ते दाखवावे, आणि देणाऱ्या सर्व स्त्रियांच्या मुठी सारख्या असल्याबद्दल दाखला जोडावा, असे पत्र आले. मी ते बायकांना वाचून दाखवले. सिंधुबाई नावाची सून गावात नवीन आली आहे, तिने हात पदराखाली लपवला. ठमाबाई म्हणाल्या, 'माजी मूठ घ्याल तर ती पडंल खोटी, तिची घ्याल तर मी. साहेबास्नी म्हनावं, तुमीच या हितं. तुमचीच मूठ धरू मापाला. मोठी असली तर पोरांचंच बरं हुईल.' हा मजकूर मी उत्तरात सौम्य करून लिहिला होता. आता मूळचाच कळवतो.

७. नंतर कराचा प्रश्न निघाला. आपल्या कचेरीचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या घरात आहे तोवर जोंधळा हे शेतीचे उत्पन्न. गाडग्यात पडला की तो देणारीचा राहत नाही. आणि कणगीत आला की ती संस्थेची प्राप्ती होते. धर्मादाय म्हणून प्राप्तीला माफी हवी असेल तर दान लेखी असले पाहिजे. म्हणजे प्रत्येक बाईने रोज पहाटे जात्यावर बसण्यापूर्वी दानपत्र करावे, त्याला स्टँप लावावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि मग मूठ टाकावी. गावात सही करता येणाऱ्या बायका फार थोड्या आहेत. त्यांच्या मुलींना ती यावी म्हणून तर ही भाकरी. हे मी लिहून कळवले. त्यावर 'मुद्द्यास सोडून आहे' असा शेरा आला.

८. या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत धान्य खर्ची पडू नये म्हणून श्रावणात तलाठ्यांच्या हस्ते कणगीवर लाखेचा शिक्का बसला. श्रावण गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. धान्य खर्ची पडलेले नाही. त्याला सोंडे किडे लागले असून ते कणगीच्या कुडातून बाहेर पडून पडवीभर फिरतात. त्यांच्याकडे कोणी दानपत्र मागत नाही. वस्त्यांवरची मुले काही दिवस दुपारच्या सुट्टीत सवयीने पडवीत येऊन बसत असत. पुढे गुऱ्हाळे लागली. तिथे प्यायला रस फुकट मिळतो म्हणून ती सुट्टीत तिकडे जाऊ लागली, आणि आता तिकडेच राहिली. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या हाताखाली दिवसभर काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडे ढकलतात. त्यांतल्या कित्येकांची जोडाक्षरे आत्ता कुठे सुटत होती. परवा मी गुऱ्हाळावर जाऊन त्यांना परत चला म्हणालो. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, 'मास्तर, शाळंत येतो की. पन दुपारी काय?'

९. याचा दुसरा परिणाम आपल्या नजरेस आणणे माझे कर्तव्य आहे. बारामतीच्या वाटेवर गेणबा नावाचा म्हातारा निंबाखाली रांजण भरून ठेवी व येणाऱ्याजाणाऱ्यास पाणी देई. माझ्या सांगण्यावरून तोही नोंदणी करणार होता. मुठीची गत ऐकून त्याने रांजण पालथे घातले. कोणी पाणी मागितले की तो म्हणतो, 'पानी न्हाय बाबा. हितं धर्म बंद हाय.' ज्यांनी देवाचे घेऊन घरे बांधली त्यांची नोंदणी मात्र वकिलामार्फत वेळेवर झाली, व त्यांच्या भिंतीवर दाखला चौकटीत लावलेला आहे. नियम चोरासाठी केला आणि तो कळला फक्त चोराला. बाकीच्यांना समजावून सांगणारे कोणी असावे, एवढ्यासाठी मी ओट्यावर बसत होतो.

१०. त्याबद्दल मला नोटीस आली. अर्जनविसाचा परवाना नसताना लोकांचे अर्ज लिहितो, हा ठपका. मी कळवले की मी लिहीत नाही, समजावतो. आणि फी घेत नाही. त्यावर उत्तर आले की, फी न घेता लोकांच्या उपयोगाचे काम चालवणे म्हणजे धर्मादाय. तरी अर्जदाराने स्वतःची नोंदणी करून घ्यावी, तोपर्यंत ओट्यावर बसू नये. मी आज्ञा पाळतो, म्हणून फॉर्म भरून पाठवला. संस्थेचे नाव : जोतीराम मास्तर. मालमत्ता : एक चष्मा, एक दौत. विश्वस्त : माझी पत्नी, परंतु तिला हे काम पसंत नाही. संस्था कायमची आहे काय, या रकान्यापुढे काही लिहिले नाही, कारण माझे वय झाले आहे. हा फॉर्म 'अपूर्ण' म्हणून परत आला.

११. तरी माझे मागणे असे. कणगीवरचा शिक्का आपल्या हुकमाने काढावा. किडलेले धान्य बायका निवडून घेतील, त्यासाठी सरकारने खर्च करू नये. नोंदणी नाकारायची असल्यास नाकारावी, पण भाकरीला मनाई नाही एवढे एका ओळीत लिहून द्यावे. आणि नियमांचा अर्थ साध्या मराठीत सांगायला बाजाराच्या दिवशी कचेरीने स्वतःचा माणूस ओट्यावर बसवावा. तो बसला तर मी घरी राहीन. त्याला काही अडले तर विचारायला मात्र येऊ द्यावे, त्यालाही मी शिकवीन.

१२. एक गोष्ट राहिली. शिक्का बसल्यापासून ठमाबाई पाटी घेऊन फिरत नाहीत, तरी बायका पहिली मूठ गाडग्यात टाकतातच. हात ऐकत नाही म्हणतात. गाडगी भरली म्हणून आता मडकी लावली आहेत. हे धान्य कोणाचे, याचा निर्णय झाला नसल्याने ते कोणी घरात शिजवीत नाही, व शाळेत शिजवता येत नाही. मापाच्या प्रश्नाचा निकाल लवकर लागावा म्हणून त्यांतली एक मूठ सोबत पाठवीत आहे. ती सिंधुबाईंची आहे, म्हणजे गावातली सर्वांत लहान. ती आपणास दिलेली देणगी नाही, त्यामुळे आपल्या प्राप्तीत धरण्याचे कारण नाही. वजन करून परत पाठवावी. मुलांची आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
जोतीराम रावजी वाबळे
पेन्शनर मास्तर, अंथुर्णे

सोबत :
१) कचेरीच्या पत्रांच्या नकला.
२) माझा 'अपूर्ण' फॉर्म, तसाच.
३) ठमाबाई व इतर बायकांचे अंगठे असलेला कागद. मजकुराची जागा कोरी आहे. काय लिहावे ते आपण सांगावे.
४) पुरचुंडीत बांधलेले जोंधळे, मूठ एक.