उपासाचं पीठ

॥ ॐ नमः शिवाय ॥
केशोरी, सोमवार

प्रिय रुचिका,

बकारामकाका उद्या डोळे दाखवायला नागपूरला येत आहेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो आणि मी बोलायला लागले की ते स्पीकर लावतात. हे बोलणं त्यांच्यासमोर होण्यासारखं नाही. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी होती, फेकवत नव्हती.

जिवाला घोर लागला आहे, म्हणून आधी तेच सांगते. शिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेत आपल्या मच्छीमार सोसायटीला दुकान मिळालं. जिल्ह्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी खटपट करून मिळवून दिलं. तिथे आपलं शिंगाड्याचं पीठ उपासाचं म्हणून विकायचं आहे, आणि ते पीठ उपासाला चालणारं नाही असं माझं मन सांगतं. मन काय, नाकच सांगतं.

मशीन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, बाई. पूर्वीचे दिवस तुला आठवतात ना? तुझे बाबा तलावात छातीभर पाण्यात उतरून वेल उलटायचे, आणि आपण सगळ्या बाया ओसरीत सुरी घेऊन बसायचो. शिंगाड्याचा काटा नखाखाली गेला की डोळ्यांसमोर काजवे. सहामाहीच्या परीक्षेत तुला पेन धरवत नव्हता, तर बोटाला फडकं बांधून पेपर लिहिलास. म्हणून परंपरागत धंद्यात नवं काही करणाऱ्यांना जिल्हा मदत देतो असं कळलं, तेव्हा मीच तुझ्या बाबांच्या मागे लागले. मॅडम स्वतः तलावाच्या पाळीवर आल्या, चप्पल हातात घेऊन चिखलातून. सभेत तुझे बाबा म्हणाले, "मॅडम, आमच्या बायाईचे बोटं वाचवा, बाकी आमी पाहून घेऊ." सोलायची मशीन आली, तिच्यासोबत चक्की आली. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आपल्या शेजारच्या नंदाबाईंनी त्या हंगामात सगळ्यांसमोर दोन्ही पंजे वर केले, म्हणाल्या, "पाहा वं, यंदा भात कालवताना झोंबत नाही मले." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं.

अडचण पुढे सुरू झाली. शिंगाड्याचा हंगाम तो केवढासा! तो सरला की मशीन झाकून ठेवायची. आणि योजनेचा नियम असा की मदतीची मशीन बंद पडून राहिली तर ती दुसऱ्या गावाला जाते. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काकू, चक्की बंद दिसली तर मला वर उत्तर देता येत नाही." मग तुझ्या बाबांनी गावाचं दळण घेणं सुरू केलं. गहू आला, तांदूळ आला, बेसनासाठी हरभरा आला. गाव खूश झालं. मिरची तेवढी मी येऊ दिली नाही, दारातच आडवी झाले. वापर किती झाला ते लिहायचं काम माझ्याकडेच आहे, मॅट्रिक झालेली मी एकटी ना. आमची चक्की कशी चालते ते पाहायला इतर गावांची माणसं आणू, असं मॅडम म्हणून गेल्या. तुझे बाबा आठ दिवस छाती काढून चालले.

शिंगाड्याचं दळण काढायच्या आधी त्यांनी चक्की उघडून झाडली होती, खोटं कशाला बोलू? मीही फडक्याने पुसली, चाळण धुऊन उन्हात ठेवली. पण चक्कीचं पोट खोल असतं, तिथवर हात जात नाही. एकादशीला शिरा करायला म्हणून मी पीठ तुपात भाजायला घेतलं आणि घरभर बेसनाच्या लाडवाचा वास सुटला. खमंग, दिवाळीसारखा. शिरा झाला, पण माझी वाटी मी बाजूला सारली. तुझे बाबा म्हणाले, "काऊन खाऊन नाही राहिली?" मी म्हटलं, पित्त झालंय. त्यांचा उपास नसतो, त्यांनी माझीही वाटी खाल्ली आणि भारी झालं म्हणाले.

संध्याकाळी मी विषय काढला. तर म्हणतात, "कोन हुंगून पाहून राहिलं? अन् शंकरजी का चाळणी घेऊन बसले का?" त्यांना देवाचं काही नाही असं समजू नकोस. त्यांना मशीन जायची भीती आहे. जेवून उठले की सोसायटीच्या खोलीचं कुलूप ओढून पाहून येतात. मी म्हटलं, जत्रेपुरतं पीठ मी जात्यावर काढून देते, जातं अजून आहे. ते त्यांना पटलं. त्यांनी मॅडमना फोन केला, पण जातं कशासाठी ते सांगितलं नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "काका, जात्यावरचं पीठ तर आधीपासून होतंच. मग नवीन म्हणून मी काय दाखवू?" त्यांचंही चुकलं नाही. खरं कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्या आल्या की मी चहा ठेवायला आत जाते आणि तोंडाला कुलूप लागतं.

गेल्या सोमवारी नंदाबाईंकडे गेले होते. त्यांचा प्रफुल साप चावून वाचला तेव्हापासून त्या सोमवार धरतात, तुला माहीतच आहे. आपल्याच पिठाचं थालीपीठ ताटात होतं. माझ्याने राहवलं नाही. दाराला टेकून मी सगळं सांगून टाकलं. त्या चावतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मालूम आहे वं. हरभऱ्याचा वास मले नाही येत का? नाक का माहेरी ठेवून आली मी?" मी म्हटलं, मग खाता कशा? तर पंजा माझ्या तोंडापुढे धरला. "मशीन गेली तं पुढच्या साली हे बोटं कोनाचे फाटतील? तुह्या मॅडमचे? शंकरजीले माह्ये बोटं दिसत नाही का? त्याचं-माह्यं मी पाहून घेईन. तू उगीच कायले मधात येतं?" आणि उरलेला घास उचलला. मला म्हणाल्या, बस, चटणी घे.

रुचिका, तेव्हापासून मला चैन नाही. देवापुढे बसते तर जप चुकतो. नंदाबाई जाणून खातात. त्यांचा देवाशी हिशेब सरळ आहे, त्यात मी कोण? पण जत्रेत लांबून अनवाणी येणारी बाई, पाण्याच्या घोटावर गड चढणारी, ती आपल्या दुकानापुढे थांबेल, वर हात जोडलेल्या बायकांचं चित्र असलेली पाटी पाहील आणि पिशवीत पीठ टाकेल. तिला कोणी विचारलंच नाही. तिचा उपास आपण इथे चक्कीत परस्पर ठरवून टाकला. आणि खरं सांगितलं तर मशीन जाईल का, नंदाबाईंची बोटं पुन्हा फाटतील का, हेही डोळ्यांपुढून हलत नाही. दोन्हीकडून बाईच मरते.

तेव्हा आता कामाचं. जत्रेच्या पाकिटांची लेबलं तूच छापून बकारामकाकांजवळ परत पाठवणार आहेस. त्यावरचं 'उपवासाचे' काढून टाक. नुसतं 'शिंगाडा पीठ' ठेव आणि खाली ठळक अक्षरात लिही: 'या चक्कीत धान्यही दळलं जातं.' बारीक लिहू नकोस, म्हाताऱ्या बायांना वाचता आलं पाहिजे. बाबांना विचारू नकोस. गठ्ठा सुटेल तेव्हा जत्रेला निघायची वेळ झालेली असेल, दुसरी छापायला सवड राहणार नाही. ते ओरडतील, मी ऐकून घेईन. मॅडम जत्रेत दुकान पाहायला येतील तेव्हा त्यांना मी स्वतः सांगणार आहे, तिथेच, या वेळी चहा ठेवायला न जाता. त्यांनी दुसऱ्या चक्कीची वाट काढली तर शंकर पावला. नाही काढली तर नंदाबाई माझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांचं चुकणार नाही. लेबलावर तू माझा पदर घेतलेला फोटो टाकलास, वर 'आईच्या हातचं' लिहिलंस, तेव्हा मी लाजून नको नको म्हणाले होते. तो फोटो मात्र राहू दे. भांडायला कोणी आलं तर कोणाच्या तोंडाशी भांडायचं, ते लोकांना कळू दे.

तुझीच,
आई