काकांच्या शेजारची जागा

ता. २, रविवार

पोचले एकदाची. बॅग दारात टाकली आणि थेट गॅरेजमध्ये शिरले. काकू मागून ओरडत राहिल्या की आधी चहा तरी घे, गाडी कुठे पळून जात नाही. काकांनी गाडीला चारी बाजूंनी जुन्या चादरी गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी माझ्यासमोर एकेक करून काढल्या. बाटलीसारखा हिरवा रंग, गोल दिवे, दारावर चकचकीत पट्टी. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी आणि कातडी माझ्याहून चांगली!

ही रात्रीची रॅली बावीस वर्षांनी पुन्हा होते आहे. रस्ता जुनाच आणि गाड्याही त्या काळच्याच. मागच्या वेळी ती जिंकली होती काकांनी आणि बाबांनी. काका चालवायला, बाबा शेजारी बसून रस्ता सांगायला. आता बाबांच्या जागेवर मी. काकांचं पत्र आलं तेव्हा मी छापखान्यात मुद्रितं तपासत होते, आणि त्या आनंदात दोन चुका तशाच छापायला गेल्या. मालकांनी चांगलीच खरडपट्टी काढली, पण मला काही लागलं नाही.

पुढच्या खोलीत तो फोटो आहे. शर्यतीच्या शेवटच्या नाक्यावर गाडी उभी आहे, काका हसतायत, आणि शेजारी बाबा मान खाली घालून रस्त्याच्या पुस्तकात बुडालेले. चेहरा दिसत नाही, कान आणि गालाची कड तेवढी दिसते. बाबांचा हा शेवटचा फोटो. त्या पहाटे काका बक्षीस घेऊन घरी आले, बाबा आले नाहीत. शर्यत संपल्यावर चालत कुठेतरी निघून गेले, एवढंच काकांनी आईला सांगितलं. मी चार वर्षांची होते. पुढे मला शाळेत सोडलं काकांनी, सायकल शिकवली काकांनी, आजारपणात उशाशी बसले तेही काकाच. म्हणून ते काही मागतात तेव्हा मी का विचारत नाही.

ता. ४, मंगळवार

कालपासून तालीम सुरू. रूट बुकात प्रत्येक वळणाला एक नंबर, एक छोटी आकृती आणि अंतर दिलेलं असतं. मी वाचायचं, काकांनी 'ठीक' म्हणायचं. 'ठीक' आलं की पोचलं असं समजून पुढचं वळण सांगायचं. कोण पहिला येतो याला इथे महत्त्व नाही. प्रत्येक नाक्यावर नेमून दिलेल्या मिनिटाला हजर व्हायचं, लवकरही नाही आणि उशिराही नाही. काकांचा एकच नियम आहे: रस्ता बघायचा तो त्यांनी, मी पुस्तकातून मान वर काढायची नाही. मी सगळ्यांच्या चुका काढते म्हणून ते मला 'मास्तर' म्हणतात. आज मास्तरांनी दोनदा डावं-उजवं केलं, आणि गाडी एका गोठ्यात नेऊन उभी केली. काका पोट धरून हसले.

जेवताना त्यांनी बाबांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटच्या टप्प्यात घाट आहे, तिथे वळण एकतीसपाशी धुकं इतकं असतं की बॉनेटसुद्धा दिसत नाही. मग शेजारच्यानं उतरायचं आणि टॉर्च घेऊन गाडीपुढे चालायचं. बाबा उतरताना चष्मा काढून ठेवायचे, काचांवर पाणी जमायचं म्हणून. चष्म्याशिवाय त्यांना तसंही काही दिसत नसे, पायाखालचा डांबरी रस्ता चाचपत जायचे. काकू पाणी आणायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

माझी उंची बेताची, त्यामुळे मी सीट पुढे ओढून घेते. आज बघते तर पुन्हा मागे. गाडीचं काम बघणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, त्या सीटला तो हात लावत नाही.

ता. ८, शनिवार

आज माझं नाव गाडीवर चढलं! रॅलीत पुढच्या मडगार्डवर चालवणाऱ्याचं नाव आणि त्याखाली रस्ता सांगणाऱ्याचं. रंगाऱ्यानं अक्षर सुरेख काढलंय, मी तीनदा तपासलं, चूक नाही. तो म्हणाला, इथे आधी धाकटीचं नाव होतं, हिवाळ्यातच रंगवलं होतं. महिन्यापूर्वी काकांनी ते घाईघाईनं खरवडायला लावलं.

धाकटी म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काकू म्हणाल्या तिला गाडी लागते. असेल. महिन्यापूर्वीच ती परदेशी नोकरीला गेली. निघताना माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा खांदा भिजला. मी तिची थट्टाच केली होती.

ता. १२, बुधवार

एक गंमत. काका 'ठीक' जरा लवकर म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत. रस्ता पाठ असेल म्हणा, शेवटी बावीस वर्षं तोच डोक्यात घोळवतायत. पण मग मी कशाला आहे?

ता. १५, शनिवार

आज मुद्दाम गप्प बसले. वळण आलं. काका म्हणाले, 'ठीक', आणि वळले.

पुढच्या वळणाला उजवीकडे जायचं होतं. मी स्पष्ट आवाजात डावीकडे म्हटलं. काका म्हणाले, 'ठीक', आणि उजवीकडे वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी उगाच हसले, म्हटलं, काका, मी चुकीचं सांगितलं होतं. ते दचकले. म्हणाले, तू काही बोललीस का?

आपल्याच माणसाला कधी भ्यायचं नसतं. मी भ्यायले.

ता. १८, मंगळवार

पहाटे पाणी प्यायला उठले. खिडकीतून गॅरेज दिसतं. गाडीच्या आत, सीटसमोरचा वाचायचा छोटा दिवा लागलेला होता. काका बाहेर पायरीवर कान झाकून बसले होते. मी हाक मारणार होते, नाही मारली. सकाळी विचारलं तर म्हणाले, बॅटरी तपासत होतो.

आईला सांगितलं नाही. ती म्हणेल परत ये. काकांना तोंडघशी पाडून मी कशी परत जाऊ? आणि खरं सांगायचं तर मला ही रॅली पुरी करायचीच आहे. बाबा ज्या रस्त्यावरून आम्हाला टाकून गेले, तो रस्ता एकदा बघायचा आहे.

ता. २०, गुरुवार

सीट सारखी मागे सरकते म्हणून मिस्त्रीनं आज ती काढली. शेवटी लावलाच हात. खालच्या चटईत चष्मा सापडला. काळी चौकट, जाड काचा, एकाही काचेला तडा नाही. त्यानं तो काकांना न देता माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, हा घे आणि आजच्या आज घरी जा. का म्हणून विचारलं तर हात पुसत निघून गेला.

काकांना दाखवला. क्षणभर त्यांचा रंग उडाला. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, बाबांकडे दोन चष्मे होते, हा जादाचा. बरं झालं सापडला, रॅलीत खिशात ठेव, बाबांना बरं वाटेल.

काका माझ्याशी खोटं बोलणार नाहीत. तरी आईला मेसेज टाकून ठेवला: बाबांचे चष्मे किती होते?

ता. २२, शनिवार, रात्री ९.४०

निघालो. फोन सगळ्यांचे लिफाफ्यात घालून मोहरबंद केले, रॅलीचा नियमच आहे. आईचं उत्तर तोवर आलं नव्हतं. वही रूट बुकाखाली लपवली आहे. काकूंनी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान फिरवून म्हणाल्या, मला माफ कर. मला वाटलं, चहाचा थर्मास विसरल्या म्हणून.

रात्री १२.२५, नाका चार

वेळेवर. एका सेकंदाचाही फरक नाही. मी अर्धा रस्ता गप्पच होते.

सीट मागे सरकली आहे. मी तिच्यात बसलेली असताना.

रात्री २.०५, नाका पाच

काका टाइम कार्डावर शिक्का मारून घ्यायला उतरलेत. हे काम माझं. ते म्हणाले, तू बस.

लिफाफा फाडला. आईचा मेसेज: एकच होता. दुसरा करायचा राहूनच गेला. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं ताट दिसायचं नाही. का विचारतेस?

एकच होता. आणि तो गाडीत होता.

म्हणजे बाबा धुक्यात चष्मा काढून उतरले आणि पुन्हा गाडीत चढलेच नाहीत. पण फोटोत ते आहेत. शेवटच्या नाक्यावर, पुस्तक वाचताना. त्या कानावर चष्म्याची काडी नाही. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी मी, बावीस वर्षं तो फोटो बघते आहे आणि ही चूक मला दिसली नाही!

बाबा आम्हाला टाकून गेले नव्हते.

तो म्हणजे बाबा नाहीत. मग कोण—

२.५०, घाटात

विचारलं. या वेळी काका खोटं बोलले नाहीत, आता कशाला बोलतील. रडत सांगत होते, गाडीचा वेग मात्र जराही कमी-जास्त होत नव्हता.

बाबा धुक्यात पुढे चालत होते. उशीर होत होता. शेजारच्या रिकाम्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, सरळ. काका 'ठीक' म्हणाले. सरळ गेले.

एवढंच. 'सरळ' ऐकलं आणि सरळ गेले. तिथे त्यांचा भाऊ होता.

जो बसला तो उतरला नाही. रोज रात्री त्याला पुन्हा हा रस्ता हवा असतो. हिवाळ्यापासून तो धाकटीचं नाव घेत होता. ज्याचं नाव मडगार्डवर, त्यानं एकतीसला उतरायचं, मग सीटवरचा तो शेवटपर्यंत वाचेल आणि काकांचं घर सोडेल. काकांनी नाव बदललं.

माझी सायकल धरून मागे पळणारे काका. माझं नाव त्यांनीच लिहून दिलं रंगाऱ्याला. म्हणाले, ती माझी मुलगी आहे गं. मग मी कोण होते? इतकी वर्षं मी कोण होते?

मी उतरणार नाही. पट्टा घट्ट आवळलाय. काहीही झालं तरी—

३.१०, वळण ३१

धुकं. काहीच दिसत नाही. गाडी थांबवली. काका म्हणतायत, वीस पावलं फक्त. मी नाही म्हटलं. ते जबरदस्ती करत नाहीत. नुसते बसलेत. समोर बघ म्हणाले.

पहिल्यांदाच मान वर काढली.

पुढे कोणीतरी चालतंय. टॉर्च मिणमिणता. एक पाय पुढे टाकून रस्ता चाचपतो, मग दुसरा. अंगात तो शर्ट, आईच्या पेटीतल्या फोटोतला.

त्यांना दिसत नाही. डावीकडे चाललेत. डावीकडे दरी आहे, पुस्तकात आहे, लाल रेघ—

काका सांगतायत, दर खेपेला असेच चालतात. एकटेच.

चष्मा खिशात आहे माझ्या. काकांनीच ठेवायला सांगितला होता. म्हणजे हे सुद्धा त्यांनी— त्यांना माहीत होतं मी काय करेन. लहानपणापासून ओळखतात मला.

किल्ली काढून घेतली. इंजिन बंद. त्यांनी अडवलं नाही. किल्ली माझ्याकडे, मग गाडी हलणार कशी. वीस पावलं. चष्मा द्यायचा, हात धरायचा, घेऊन यायचं. आई वाट बघतेय बावीस—

उतरले. टॉर्च काखेत धरून लिहितेय. थंड. बाबा म्हणून हाक मारली. थांबले. वळतायत. हात पुढे केलाय, चुकीच्या दिशेला. इकडे बाबा इकडे

मागे दार लागल्याचा आवाज.

किल्ली माझ्या मुठीत आहे. तरी इंजिन

माझ्या जागेवरचा छोटा दिवा लागलाय. कोणीतरी मान खाली घालून वाचतंय. काका समोर बघतायत, थेट माझ्याकडे, मी दिसतेय त्यांना, नक्की दिसतेय, ओठ हलले, 'ठी—