चंबूतला आदिसागर

१० नोव्हेंबर
ठरलं. जीवसृष्टी निर्माण करायची. तळघरात.
जन्मभर चाचाक गावच्या शाळेत पोरांना शिकवत आलो : पाणी, अमोनिया, मिथेन, हायड्रोजन काचेत कोंडा, विजेच्या ठिणग्या पाडा, आठवड्याभरात अमिनो आम्लं तयार. म्हणजे सजीवांच्या विटा. अमेरिकेत एकानं करूनही दाखवलं. पण गडी विटांवरच थांबला. मी घर बांधणार.
१९ डिसेंबरला स्लावा, आमच्या घराण्याच्या संताचा सण. माझी जुनी विद्यार्थिनी स्मिल्याना येणार आहे. हल्ली बेलग्रेडला जीवशास्त्राची प्राध्यापक. तिच्यासमोर, भरल्या पंगतीत जाहीर करीन. निवृत्तीनंतर या गावात मला कुणी विचारत नाही. विचारतील.
बायकोला मोघम सांगितलं, खाली जरा काम आहे. कोसारा म्हणाली, मग आंबत घातलेल्या कोबीच्या पिंपाचंही तूच बघ.

११ नोव्हेंबर
पिंपाचं काम क्षुद्र. तोटीला रबरी नळी लावून खारं पाणी बादलीत काढायचं, वरून परत ओतायचं, मग नळीतून फुंकायचं. दिवसाआड. नाहीतर कोबी सडतो. म्हणे.
यंदा स्लावाला धाकट्या लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार. कोसारानं बजावलं : कोबी बिघडला तर सार्म्यात तांदूळ-अक्रोडाऐवजी तुलाच कोबीच्या पानात गुंडाळीन. वैज्ञानिकाशी बोलायची ही रीत झाली?

१४ नोव्हेंबर
मिथेन रद्द. गॅसच्या सिलिंडरला नुसता हात लावला, तर कोसारा लाटणं घेऊन दारात.
अमोनियाही रद्द. औषधवाला म्हणाला, सर, घरी सगळं ठीक आहे ना? उद्धट. नववीत नापास केला होता.

१५ नोव्हेंबर
हायड्रोजन स्थगित. मेहुणा ब्लागोये तळघरात सिगारेट ओढतो. म्हणाला, दाजी, हायड्रोजन खुशाल करा, पण आधी माझी प्लमची दारू वर नेऊन ठेवतो.

१८ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस! ब्लागोयेच्या गाडीची इग्निशन कॉइल चंबूला जोडली. ठिणगी पडली. एक. मग घराचा फ्यूज उडाला.
कॉइल परत न्यायला ब्लागोये रात्री नऊलाच हजर. गाडी सुरू होईना म्हणे. एक तर एक. पहिल्या जिवाला किती ठिणग्या लागल्या, कुणी मोजल्यात?

१९ नोव्हेंबर
हीटरनंही फ्यूज उडतो. म्हणजे उकळणं बाद. चंबू बॉयलरशेजारी जमिनीवर ठेवलाय. चंबूत आता फक्त कोमट पाणी आहे. हरकत नाही. आद्य समुद्र कोमटच असणार. प्रयोग जितका साधा, तितका सुंदर.

२२ नोव्हेंबर
चंबूची काचनळी फुटली. (माझाच पाय. पण ठेवली कुणी तिथं?) तोंड बंद करायचं कशानं?
सुचलं! कोबीची रबरी नळी. एक टोक पिंपाच्या तोटीवर बसलेलंच आहे, तोटी बंद. दुसरं चंबूच्या तोंडात घट्ट. बाहेरची हवा आत जायची सोय नाही. कधी कधी मलाच माझं कौतुक वाटतं.
नळी अडकली, त्यामुळे कोबीचं काम थांबलं. कोसारानं विचारलं, कोबी बघतोस ना? म्हटलं, रोज बघतो. बघतोच.

१ डिसेंबर
चंबूतलं पाणी वाढलंय! पेन्सिलीनं खूण केली होती, तिच्या बरंच वर. पदार्थ स्वतःहून वाढू लागला.
पिंपातलं मात्र कमी झालंय. कोबी पाणी पितो वाटतं.

६ डिसेंबर
पाणी गढूळ, पिवळट. बारीक बुडबुडे. श्वास घेतंय! वास आंबट. आम्लं आंबटच असतात, अमिनो आम्लं ही आम्लं आहेत. सिद्ध झालं.

९ डिसेंबर
शाळेचा जुना मायक्रोस्कोप मागून आणला. एक थेंब.
आहेत. शेकडो. इवल्या काड्या. काही दुभंगताहेत. पृथ्वीला कोट्यवधी वर्षं लागली, मला तीन आठवडे. तेही बिनवायूचे! तळघराच्या पायरीवर बसून रडलो. खोटं कशाला बोलू.

१८ डिसेंबर
अनर्थ. कोसारा पानं काढायला खाली आली. वरचे गड्डे उघडे पडलेले, काळे, बुळबुळीत. खालचेही मऊ. मी समजावलं, की विज्ञानाला किंमत मोजावी लागते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शाल घेतली आणि शेजारच्या पेर्सिदाकडे गेली. कुंपणाच्या वादापासून ज्या बाईशी बोललेली नाही, तिच्या दारात कोबी मागायला. टोपली घेऊन आली तेव्हा डोळे लाल होते.
उद्या कळेल तिला. नवरा कोण आहे ते.

१९ डिसेंबर
पाद्रीबाबा येऊन गेले. पाहुणे बसले. स्मिल्यानाला घेऊन खाली गेलो.
तिनं चंबू हुंगला. थेंब पाहिला. मग नळीवरून बोट फिरवत पिंपाच्या तोटीपर्यंत गेली. तोटीला बोट लावलं, ओलं झालं, चाटलं. सर, तोटी गळतेय. हे कोबीचं पाणी आहे. पिंपातलाही थेंब दाखवला. त्याच काड्या, जास्त धष्टपुष्ट.
म्हणाली, कोबी आंबवणारे जिवाणू, सर, प्रत्येक पिंपात असतात. मग हळूच, वर मी काही बोलणार नाही.
वर ब्लागोये पेल्यावर चमचा वाजवत होता. दाजी काहीतरी जाहीर करणारेत! सगळे वळले. व्याहीही बघताहेत. भाषण खिशात होतं. कोसारा ताटाकडे बघत होती.
उभा राहिलो. म्हणालो, हा कोबी पेर्सिदाचा आहे. आमचा मी सडवला. सार्मा कोसाराचा आहे, तो चांगलाच होणार.
विहीणबाईंनी तिसरा वाढून घेतला. कोसारानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा.
(हे डावपेच म्हणून केलं. शोध जाहीर करायची वेळ आली नव्हती.)

२० डिसेंबर
ब्लागोये रात्री इथंच झोपला. सकाळी डोकं धरून उठला. कालची उतरवायला कोबीचं पाणी मागू लागला. पिंपातलं सडलेलं. कोसारा खाली गेली आणि चंबू घेऊन आली.
मी पेला पुढे सरकवला.
ब्लागोये एका दमात प्यायला. म्हणाला, दाजी, जरा पातळ झालंय.