देठ न दाखवल्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा रानभाज्या आणि औषधी पाला विकणे, बाजारात पालेआजी म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. दमले आहे, एवढंच. दमल्यामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. कायद्याची भाषा त्यांची. मधेच माझी घुसली तर चालवून घ्यावी.

एक. राहतं घर मुलाला आणि सुनेला समाईक द्यावं. अट अशी की दारातला शेवगा तोडायचा नाही. पानं गाडीवर पडतात म्हणून सूनबाईंनी करवतवाल्याला दोनदा बोलावून झालंय. आणि याच सूनबाई गेल्या महिन्यात दुकानातून हिरव्या पुडीचा डबा घेऊन आल्या, म्हणे ताकद येते. मी हुंगून बघितलं. शेवग्याचीच पानं, वाळवून दळलेली! काखेत कळसा आणि गावाला वळसा. डब्याचं झाकण परत लावून ठेवलं. हल्ली बोलायचाही कंटाळा येतो.

दोन. तराजू, टोपल्या, विळा आणि बाजारातली माझी जागा शेजारी लिंबं विकणारीला द्यावी. दहा वर्षांत वीत वीत सरकत ती निम्म्या जागेत घुसलीच आहे, उरलेलीही घेऊ दे. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रक्त कमी असलेल्या बायका माझ्याकडे पाठवतात. "गोळ्या सोडायच्या नाहीत, पण पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे," असं बजावून पाठवतात. त्या बायका आल्या की त्यांना बसायला पाट द्यायचा. निम्म्या जणी भाजीसाठी येतच नाहीत. पाला निवडता निवडता घरी बोलता न येणारं बोलतात, आणि जाताना चेहरा जरा बरा दिसतो. त्यांना घाई करायची नाही.

तीन. औषधांच्या दुकानदाराने माझ्या भाजीला भर बाजारात गुरांचा चारा म्हटलं होतं. त्याचं पोट साफ होत नाही म्हणून त्याची बायको मागच्या गल्लीने येऊन तोच चारा नेते, हे मी आजवर झाकून ठेवलं. आता ठेवत नाही. बाकी त्याला काही देणं नाही.

चार. खरं म्हणजे या कलमासाठीच बाकीची लिहिली. घरामागची जमिनीची पट्टी, जिथे घोळ, पुदिना आणि गवती चहा लावलाय, ती माझ्या धाकट्या जाऊला द्यावी. कारण लिहिते.

आमच्या धंद्यात एक चाल होती. घोळीची भाजी देठासकट विकायची नाही. घरीच पानं खुडायची आणि देठ पुरून टाकायचे. सासूबाई म्हणायच्या, "देठ दाखवला की गिऱ्हाईक गेलं. उद्या आपलं आपण खुडून नेतील." घोळीसारखंच जमिनीलगत पसरणारं एक विषारी तण असतं. नवखा माणूस पान बघून फसतो. देठ मोडला की कळतं: घोळीच्या देठातून नुसतं पाणी येतं, त्या तणातून पांढरा चीक. एवढंच गुपित. एवढ्याशा गुपितावर आम्ही दोन पिढ्या मिरवलो.

एकतीस वर्षांपूर्वी माझे दीर लांबलेल्या तापातून उठत होते. घोळ खाऊ घाल, अंग धरेल, असं जाऊला मीच सांगितलं होतं. मग आमचं दोघींचं वाजलं. कशावरून, ते आता आठवतही नाही. तरी ती दारात आली. "ताई, भाजी नका देऊ. ओळखायची कशी तेवढं सांगा, मी आणते."

मी म्हटलं, "पान बघितलंयस ना? तसंच बघून आण."

देठाचं नाव काढलं नाही. ती ते तण घेऊन आली. दोघांनी खाल्लं. ती तरली. दीर आधीच खंगलेले, उलट्या-जुलाबांनी तिसऱ्या दिवशी गेले. नवऱ्याला गवत घालून मारलं, असं सगळी आळी म्हणाली. मी तिथेच उभी होते. ब्र काढला नाही. तेव्हापासून तिच्या हातचं कोणी खात नाही, आणि मी रोज तिच्या दारावरून टोपली घेऊन गेले. मला लाज वाटते. हे कलम माझ्या मागे तिला वाचून दाखवावं.

कलम चारची दुरुस्ती. वकीलबाईंनी कच्चा मजकूर वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आजी, त्या राहतात कुठे?"

"दोन घरं सोडून."

"मग मेल्यावर कशाला?"

तशीच तिच्याकडे गेले. जाऊ भांडी घासत होती. मी उभ्यानेच कलम वाचलं. तिने नळ बंद केला.

"पट्टी नको मला," ती म्हणाली. "तुम्ही मेल्यावर हे चार भिंतींत वाचणार. तोवर मी नवऱ्याला खाल्लेली बाईच, होय ना? ज्यांच्या कानावर ते गेलं, त्यांच्यासमोर सांगा. बाजारात."

"आता पाय ओढवत नाहीत गं."

"मी एकतीस वर्षं ओढतेय, ताई."

म्हणून आज, ऐन गर्दीच्या वेळी, माझ्या जागेवर उभी राहून मी हे सगळं सांगितलं. दोन्ही देठ मोडून दाखवले. लिंबंवाली ओरडायची थांबली. माझं संपल्यावर गर्दीतून जाऊ म्हणाली, "तिने नवऱ्याला मारलं नाही, असं म्हणा." मी म्हटलं. ती म्हणाली, "मोठ्याने." मी पुन्हा म्हटलं.

जमिनीची पट्टी आता आळीतल्या सगळ्यांसाठी ठेवावी. ज्याला हवं त्याने खुडावं, आणि ज्याला ओळखता येतं त्याने न येणाऱ्याला शिकवावं.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. त्याप्रमाणे साक्षीदार घेतले आहेत.

ठिकाण: भाजीबाजार, माझी बसायची जागा.
तारीख: बारा मार्च, बुधवार, सकाळचे दहा.
सही: पालेआजी

साक्षीदार:
१. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. सही.
२. बाजारातला सर्वांत जुना हमाल. सही.
३. धाकटी जाऊ. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळालेले नाही. सही.