बाहेरून मारायची थाप

प्रिय नातवा,

आधी हे वाच: मी जिवंत आहे. आजीचं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं असं धरून तू पाकीट फोडायच्या आधीच नाक ओढायला लागशील, म्हणून सांगून टाकलं. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं. त्या मधूनमधून पेन थांबवतात आणि म्हणतात, आजी, पत्रात असं लिहीत नाहीत. मी म्हणते, तुमच्या पत्रात नका लिहू, हे माझं आहे. फोनच करणार होते, पण बहिणीचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही.

ती माझ्याकडेच आहे. तुमची रेसच्या गाड्यांची कंपनी सोडून तिने दुसरी धरली, आणि मग तुमच्या धंद्यातली ती अजब रीत तिच्या वाट्याला आली. जुन्यांकडे काम नाही, नव्यांकडे इतक्यात जायचं नाही, मधले महिने घरी बसायचं, डोक्यातली गाडी शिळी होईपर्यंत. पगार चालू, हात बंद, तोंडही बंद. गाडीबद्दल चकार शब्द काढणार नाही, अशी सही करून घेतली आहे तिच्याकडून. मी जन्मभर राबले, मला कुणी बसायचा पगार दिला नाही, असं म्हणून सुरुवातीला मी तिला खूप चिडवलं. आता चिडवत नाही. ती खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालते, भांडी घासून त्यांचा आरसा करते आणि मग आरशात बघत नाही. मी गुडघ्यांनी अडकलेली, ती सहीने. एका घरात दोन कैदी, आणि चहा कोण करणार यावरून भांडण.

तुम्ही दोघं तिच्या पहिल्या गाडीचं चित्र घेऊन आला होतात, आठवतं? अख्खं टेबल व्यापलं होतं. मी विचारलं, एवढी महागाची गाडी आणि बसायला एकच जण? चाकं उघडी, छप्पर नाही, पिशवी ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, आजी, ही गाडी वारा घडवतो, वाराच तिला वरून दाबून रस्त्याला धरून ठेवतो. तू म्हणालास, हो, आणि ही वाऱ्याला जागा देते, माझ्या हाताला देत नाही, स्क्रू पिळायचा कसा? ती आखायची, तू जोडायचास, आणि दोघं एकमेकांच्या नावाने खडे फोडत सुखात होतात. ड्रायव्हरला आत कसं कोंबतात तेही तिने मला खुर्चीत घसरवून दाखवलं होतं. पाठ खाली, पाय वर, आणि डोक्याभोवती घोड्याच्या नालासारखी जाड उशी. ती उशी मागे दोन खुंट्यांवर बसते आणि ती काढल्याशिवाय माणसाला बाहेर येता येत नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं. मी म्हणाले होते, म्हणजे आपलं न्हाणीघरच की!

त्या न्हाणीघराचं दार तू विसरला नसशील. वाफ धरली की फुगायचं. आतून कितीही ओढा, ढिम्म. बाहेरून कडीच्या वर तू एक थाप मारलीस की सुटायचं. पाहुण्यांनाही आपण बजावायचो, अडकलात तर हाक मारा, पोरगा थाप मारील. थापेवर भागत होतं, म्हणून त्या दाराला कुणी रंधा लावला नाही. तू गेलास, तुझ्याबरोबर थापही गेली. मागे एकदा ती बाजारात गेली असताना मी आत अडकले. आधी तिला हाका मारल्या, मग देवाला, मग तुला. तिन्हीकडे कुणी उचलेना. हसू नकोस. दार कपाळ टेकेल इतकं जवळ आणि हात ओले, कडी निसटते, श्वास पुरत नाही. शेवटी तीच आली आणि खांद्याने दार मोडून मला बाहेर काढलं. तेव्हापासून तिथे पडदा आहे. मास्तरीणबाई म्हणतात हे वगळू या. लिहा हो, बाई.

आता ऐक. त्या भर उन्हातल्या शर्यतीला आम्ही दोघी टीव्हीसमोर होतो. शर्यत संपून तिनेच आखलेली ती गाडी थांबली, तुमच्या त्या कोवळ्या ड्रायव्हरने उशीला हात घातला, निघेना. पुन्हा ओढली, निघेना. मागून कुणी टोपीवाला धावत आला, थाप मारली, उशी सुटली, दोघं खिदळले. टोपी घातली तरी कान लपत नाहीत तुझे. मी म्हणाले, बघ, आपला न्हाणीघरवाला! ती हसली नाही. पांढरीफटक पडली. तेव्हापासून ती शर्यत बघत नाही, फक्त शेवटी ड्रायव्हर बाहेर येतो तेवढंच बघते. गारठ्यातल्या शर्यतीत उशी लोण्यातून सुरी काढावी तशी निघाली. पुन्हा ऊन, पुन्हा तू, पुन्हा थाप. एका दुपारी तिच्या खोलीत डोकावले, तर पलंग आणि कपाटाच्या फटीत पाय वर करून पडली होती, मानेभोवती माझी उशी घट्ट खोचलेली, आणि डोळे मिटून ती ओढत होती. मी हळूच दार लावून घेतलं. तुमच्या साहेबांना तिने फोन केला होता, आपल्या भिंती पातळ आहेत, मला ऐकू आलं. उत्तर वकिलाचं आलं, संपर्क ठेवू नये. पलीकडे गेलेली बाई आता आपल्याला गोंधळात पाडते आहे, असं त्यांना वाटलं असणार. मग तुला केला, तर तुझी रेंज.

तिने मला काहीही सांगितलेलं नाही. विचारलं तर, आजी, सही केली आहे, म्हणते आणि पाठ फिरवते. वर लिहवलं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, आणि डोळ्यांवर-कानांवर माझ्या कुणी सही घेतलेली नाही. घ्यायची म्हटली तरी मला येत नाही. बाळा, तू मागे उभा आहेस तोवर थापेवर भागेल. पण गाडी वाटेत उलटली, पेटली, आणि तो पोरगा आत एकटा असला, तर थाप कोण मारणार? पुढची शर्यतही उन्हातली आहे म्हणे. त्याआधी गाडी तापलेली असताना तू स्वतः आत बस, बाहेर कुणाला उभं करू नकोस, आणि उशी काढून बघ. बहिणीशी नाही बोललास तरी चालेल, पण एवढं कर. कुणी सांगितलं असं विचारलं, तर एका अडाणी म्हातारीने सांगितलं म्हण. मला उत्तरही पाठवू नकोस. शर्यत संपेल तेव्हा आम्ही दोघी टीव्हीसमोर असूच. त्याने उशी आपल्या हाताने उचलली, आणि तुझे कान कुठे दिसले नाहीत, की मी तिला सांगेन, पत्र पोचलं.

तुझीच,
अंगठाबहाद्दर आजी