अप्पांच्या लॅपटॉपची मूळ सिस्टीम

४ मार्च, सोमवार

फसले! जुना लॅपटॉप घरी आणला, टेबल अप्पांच्या खाटेला लावलं, सुरू केला — आणि वाचाउपचारवाल्या बाईंनी दिलेला बोलका प्रोग्राम त्यात चढेचना. ‘या सिस्टीमवर चालणार नाही.’ पुन्हा पुन्हा तेच. दुकानदाराला फोन केला. ‘ताई, मूळची सिस्टीम फार जड होती, म्हणून मी दुसरी हलकी बसवून दिली. फुकटातली आहे, पण पळते बघा कशी!’ पळते कसली! मला तिच्याकडून एकच काम हवं होतं, ते तेवढं होत नाही.

मूळ सिस्टीम परत बसवून देशील का? नाही, आम्ही फक्त विकतो. बदलून? नाही.

चौदाला डॉक्टर अप्पांना तपासायला घरी येणार. त्यांना कळतंय की नाही, ते त्या दिवशी ठरणार. कळत नाही असं निघालं तर दादा त्यांना शुश्रूषागृहात ठेवणार, कायमचं. नावसुद्धा नोंदवून आलाय, मला न विचारता! अर्धांगवायूच्या झटक्याने अप्पांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली. पण बाई म्हणाल्या, ‘डाव्या हाताने टाइप करू देत, प्रोग्राम ते वाचून दाखवेल.’ आणि टाइप करणं तर अप्पांचा जन्मभराचा धंदा. कचेरीत त्यांच्याइतका वेगवान टायपिस्ट दुसरा नव्हता.

दहा दिवस आहेत.

५ मार्च, मंगळवार

अंघोळ, भरवणं, चादरी दोनदा. लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. कंबर धरली आहे.

६ मार्च, बुधवार

शेजारच्या काकूंना अप्पांजवळ बसवून दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. दुकानभर उघडी पडलेली यंत्रं, मध्ये हा. लॅपटॉप उलटा केला आणि म्हणाला, ‘स्टिकर गेलं. मूळ सिस्टीमचा नंबर त्यावर असतो.’ मग माझं तोंड बघून हसला. ‘घाबरू नका, ताई. तोच नंबर आत बोर्डावरही असतो. सिस्टीम परत आली की ती स्वतःच ओळखेल.’

पण काम करून द्यायला पंधरा दिवस! हातापाया पडले. शेवटी एका पेनड्राइव्हमध्ये मूळ सिस्टीम भरून दिली आणि बिलाच्या पाठीवर नऊ पायऱ्या लिहून दिल्या. अक्षर मुंगीचं.

‘आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना?’

चालेल. पुसण्यासारखं आहेच काय त्यात!

७ मार्च, गुरुवार

पायरी एक — सुरू करताच वरच्या ओळीतलं बारावं बटण दाबा. दाबलं. फुकटातलीच उघडली. बंद केलं, पुन्हा. पुन्हा फुकटातलीच! सोळा वेळा. अप्पा उशीला टेकून सगळं बघत होते. घशातून आवाज काढत होते. हसत होते की रागावत होते, कळलं नाही.

सतराव्या वेळी वैतागून बटण टकटकटक बडवलं. उघडलं की! एकदा दाबून भागत नाही, बडवत राहायचं असतं. हे नऊ पायऱ्यांत कुठेच नाही. पुढचं दोन तासांत झालं. मध्येच अप्पांना कुशीवर वळवलं, औषध दिलं. मूळ सिस्टीम आली.

आणि वाय-फाय गेलं! वाय-फाय चालायला एक फाइल लागते आणि ती फाइल उतरवायला वाय-फाय लागतं. दात आहेत तर चणे नाहीत, अशातली गत. लॅपटॉप मिटला आणि तिथेच जमिनीवर आडवी झाले.

८ मार्च, शुक्रवार

ह्यांचा फोन. ‘अजून किती दिवस?’ रागाने नाही विचारलं, थकून विचारलं. स्वतःच्या घरी जाऊन मला सात आठवडे झाले. काय सांगणार? मी ‘बघू’ म्हटलं.

एक गोष्ट इथे लिहूनच टाकते. दादाला मी उठताबसता नावं ठेवते. पण आज चादर ओढून काढताना मनात आलंच — नेऊ दे त्याला. नेऊ दे एकदाचं! लगेच अप्पांच्या कपाळाला हात लावला, जणू त्यांनी ऐकलंच. लिहिलंय ते खोडणार नाही.

९ मार्च, शनिवार

त्या चष्मेवाल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. ‘मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडा आणि त्याचं नेट द्या.’ एवढंच! फाइल उतरली, वाय-फाय आलं, आणि सिस्टीमने आपला नंबर आपणच शोधला. मला विचारलंसुद्धा नाही. त्याच्या तोंडात साखर पडो.

बोलका प्रोग्राम चढला. मी ‘नमस्कार’ टाइप केलं तर एक तरुण बाई नाजूक आवाजात ‘नमस्कार’ म्हणाली. आमच्या अप्पांना हा आवाज! अप्पा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. मग पुरुषाचा आवाज लावला आणि बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. इंग्रजी K ला क, M ला म. मला सोपी वाटली ती मांडणी.

उद्या दादाला बोलावलंय. बघ म्हणावं.

१० मार्च, रविवार

नको होतं बोलवायला.

अप्पांना टेकून बसवलं, लॅपटॉप पुढे ठेवला. त्यांनी भराभर टाइप केलं आणि मशीन काहीबाही बरळायला लागलं. एक शब्द धड नाही. ‘अप्पा, माझं नाव टाइप करा.’ पुन्हा तसंच. तेवढ्यात त्यांचा डावा हात एकदम वर गेला आणि लॅपटॉपच्या पडद्याला फटका बसला. थोडं थांबून दुसरा! पाण्याचा पेला खाली.

दादा ओरडला नाही, तेच वाईट. फरशी त्यानेच पुसली. म्हणाला, ‘अगं, आता हातही उगारायला लागलेत. त्यांना कळत असतं तर मी नेलं असतं का? तू स्वतःकडे बघ जरा.’ जाताना अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं.

सगळी मेहनत पाण्यात.

११ मार्च, सोमवार

कपडे वाळत घातले. काढले. घड्या केल्या.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी अप्पांचे पाय चेपत होते. ते छताकडे बघत पांघरुणावर बोटं चालवत होते. रोजच चालवतात, मी चाळा समजायचे. आज पाहिलं — बोटं भरकटत नव्हती, जागा ठरलेल्या होत्या. आणि थोड्या थोड्या वेळाने डावा हात वर उचलून उजवीकडे ढकलायचे. तोच फटका! पण हळू, सवयीचा.

आणि मला दिसलं. मी टेबलाखाली बसायचे लहानपणी. वर अप्पांचा टाइपरायटर. ओळ संपली की टिंग, मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा — खर्र. नवी ओळ! अप्पा हात उगारत नव्हते. ओळ बदलत होते. ते बटणांकडे बघतच नाहीत, कधीच बघत नव्हते. त्यांची बोटं टाइपरायटरवर होती आणि मी शहाणीने त्यांच्याखाली माझी सोपी मांडणी ठेवली होती!

लगेच चष्मेवाल्याला फोन लावला. ‘जुन्या टाइपरायटरची मांडणी? मिळते ना, वेगळी उतरवून घ्यावी लागते.’ अर्ध्या तासात बसवली. अप्पांपुढे ठेवली. टकटक, टकटक, थोडं थांबून टकटक. लॅपटॉप खणखणीत बोलला — ‘चहा फार गोड करतेस.’

सात आठवडे गोड चहा पाजला त्यांना! मी हसले, ते हसले, ठसका लागेपर्यंत. दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘उद्या येतो.’

जिंकले!

१३ मार्च, बुधवार

दादा यायच्या आत अप्पांनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं. मग बराच वेळ टाइप करत राहिले. लॅपटॉपने वाचलं — ‘मला शुश्रूषागृहात जायचं आहे. उद्या डॉक्टरांना मीच सांगेन. तू आपल्या घरी जा.’

मला आधी हायसं वाटलं. मग रडू आलं. अप्पांनी दोन्ही पाहिलं.